सावलीचं माप

हैमाच्या अलीकडे, एकशे चाळीसच्या पाटीपाशी
रस्त्याला वळण नाही, चढ नाही,
झाड तर नाहीच.
तरीही तिथं माणूस उलटा होतो.

माझ्यापुढे पांढरी पिकअप होती, पाठीवर निळी ताडपत्री.
तासभर रस्त्यावर आम्ही दोघंच,
म्हणून जरा ओळखीची वाटू लागलेली.
मी मात्र सकाळचं भांडण मनात पुन्हा भांडत होतो.
वैजू म्हणालेली, स्वयंपाकघराच्या खिडकीला छज्जा हवा,
मिस्त्री आठ हजार सांगतोय.
मी म्हणालो, भुसावळचं ऊन म्हणजे काय ऊन असतं का?
इथं येऊन बघ.
ती म्हणाली, ऊन काय तुमच्या एकट्याच्याच डोक्यावर पडतं?
आणि फोन ठेवला.

टायर फुटल्याचा आवाज मला आलाच नाही.
एसी चालू, काचा बंद.
आधी ताडपत्री उडाली, मग गाडी,
मग कांदे.
पोती फाटून रस्ताभर कांदे,
आणि ब्रेकवर जवळजवळ उभा राहून
मी कांदे चुकवत होतो.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तो वाळूत पडला होता. पंचविशीचा, बांगलादेशी असावा.
एका पायात मोजा, दुसरा उघडा.
एक म्हातारा ओमानी थांबला.
त्यानं डोक्याचा मुसर सोडला,
पोराच्या मांडीला करकचून आवळला,
हलवू नको म्हणाला, पाणी देऊ नको,
आणि मला बोटानं नुसता सूर्य दाखवला.

गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा मी काढून आणला
आणि त्याच्यावर धरून उभा राहिलो.

मी पेट्रोलपंपांची मापं तपासतो.
वीस लिटरला किती मिलिलिटर कमी,
त्यावर माझं घर चालतं.
पडद्याची सावली भरली चार फूट,
माणूस साडेपाच.
तोंड झाकलं की पाय उन्हात,
पाय झाकले की तोंड.
मी तोंड धरलं.

पन्नास मिनिटं.
सूर्य सरकला की मी सरकायचो.
तो एकच दोन अक्षरी शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता.
बायकोचं नाव असेल, गावाचं असेल,
कांदेसुद्धा विचारत असेल, कुणाचे तरी हिशेबाचे.
मी हो, हो म्हणत राहिलो, मराठीतच.
म्हातारा रस्त्यावरचे कांदे पायानं कडेला सारत होता,
मागून येणाऱ्या गाड्यांसाठी.

ॲम्ब्युलन्स आली, त्याला घेऊन गेली.
पोलिसानं माझं नाव तीनदा विचारलं, तीनदा वेगळं लिहिलं.
अजून कुणाचा फोन नाही.
मीही केलेला नाही.

रात्री हैमाच्या लॉजवर
कोपरापासून खाली हात ऐकत नव्हते.
दुसऱ्या प्रयत्नात नंबर लागला.
ती अजून फुगलेली. जेवलात? एवढंच,
तेही वीट ठेवावी तसं.
मी विचारलं, मिस्त्री छज्जा किती काढणार म्हणाला?
दीड फूट.
अडीच काढायला सांग.
अडीच? भिंत पेलेल का, अहो?
मग दोन.

मग ती बोलू लागली. सिमेंट, सळया,
चार ते सहा ओट्यावर ऊन कसं चढतं,
झाकलेलं दूधही कसं नासतं,
खिडकीकडे पाठ करून ती पोळ्या कशी लाटते,
सात वर्षं.
हे तिनं आधी सांगितलं होतं का?
सांगितलं असेल.
मी फोन कानाला इतका दाबला की कान दुखला.
बोल, म्हटलं, थांबू नकोस.
तुम्हाला काय झालंय? ती म्हणाली.
काही नाही. इथं जरा वारा आहे.

पडदा अजून मागच्या सीटवर आहे.
त्याची घडी नीट बसत नाही.